ब्लॅकबर्नच्या खासदारबाई

ब्रिटनच्या राजकारणात पंतप्रधान, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि गृहमंत्री ही चार पदे सर्वांत मानाची समजली जातात. बार्बरा कॅसल यांच्या वाट्याला त्यांपैकी एकही आले नाही. १९४५ ते १९७९ अशी सलग ३४ वर्षे त्या लँकशायरमधल्या ब्लॅकबर्न या गिरणगावाच्या मजूर पक्षाच्या खासदार होत्या, पण मंत्रिमंडळातली त्यांची वर्षे मोजायला गेले तर ती आठसुद्धा भरत नाहीत. परदेशी विकास, वाहतूक, रोजगार आणि समाजकल्याण अशी चार खाती त्यांनी सांभाळली. महत्त्वाकांक्षी राजकारणी अशी खाती वरच्या पायरीकडे बघत स्वीकारतो आणि जमेल तितक्या लवकर सोडतो. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य ब्रिटिश माणसाच्या रोजच्या जगण्यावर ज्यांच्या निर्णयांचा ठसा उमटला, अशा मंत्र्यांची नावे घ्यायची झाली तर मी कॅसल यांचे नाव बऱ्याच पंतप्रधानांच्या आधी घेईन. त्याचे कारण असे की, कायदा करताना त्यांची नजर कायम त्याच्या शेवटच्या टोकावर असे. हा पैसा नेमका कोणाच्या हातात पडणार, ही वेतनश्रेणी कोणाच्या नावापुढे लिहिली जाणार, हा नियम रात्री अकरा वाजता रस्त्यावर कोणाला लागू होणार, हे प्रश्न त्या आधी विचारत. जिथे ही नजर शाबूत राहिली तिथे त्यांचे काम टिकले. एकदा ती सुटली, तेव्हा त्यांचे आणि त्यांच्या सरकारचेही फार मोठे नुकसान झाले.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१० रोजी डर्बीशायरमधल्या चेस्टरफील्ड गावी झाला. वडील फ्रँक बेट्स हे कर खात्यात निरीक्षक होते. नोकरी बदलीची, त्यामुळे बार्बराचे बालपण पाँटिफ्रॅक्ट आणि ब्रॅडफर्ड अशा यॉर्कशायरमधल्या कामगारवस्तीच्या गावांत गेले. सरकारी नोकराला उघड राजकारण वर्ज्य असूनही वडील ‘ब्रॅडफर्ड पायोनियर’ या समाजवादी पत्राचे संपादन करत, आणि आई खाणकामगारांसाठी घरच्या कामाइतक्याच सहजतेने अन्नछत्र चालवत असे. अशा घरातल्या मुलीला समाजवाद पुस्तकातून शिकावा लागला नाही. ऑक्सफर्डमधून मात्र त्या तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. विद्यापीठाने त्यांना फारसे काही दिले असे त्यांना स्वतःलाही वाटत नसे. १९३७ साली त्या लंडनमधल्या सेंट पॅन्क्रस बरोच्या नगरसेविका झाल्या. त्याच परिषदेत तेव्हा व्ही. के. कृष्ण मेनन हेही मजूर पक्षाचे नगरसेवक होते, आणि भारताच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्या काळच्या डाव्या तरुणांच्या बोलण्यात रोज असे.

पुढे पत्रकारिता झाली, युद्ध आले. १९४३ च्या पक्ष परिषदेत सामाजिक सुरक्षेची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल लांबणीवर टाकण्याविरुद्ध त्यांनी केलेले भाषण ‘डेली मिरर’च्या नजरेत भरले. त्याच वृत्तपत्रातले टेड कॅसल यांच्याशी १९४४ मध्ये त्यांचे लग्न झाले. १९४५ च्या निवडणुकीआधी ब्लॅकबर्नच्या पक्षशाखेतल्या स्त्री कार्यकर्त्यांनी हट्ट धरला की, उमेदवारांच्या यादीत एक तरी बाई असल्याशिवाय आम्ही प्रचाराच्या कामाला हात लावणार नाही. चहा करायचा, पाकिटांवर पत्ते लिहायचे आणि दारोदार फिरायचे काम बायकांचे, आणि उमेदवारी मात्र पुरुषांची, या व्यवहाराला त्या कंटाळल्या होत्या. ब्लॅकबर्नला हे घडले यात मला आश्चर्य वाटत नाही. कापडगिरण्यांच्या त्या गावात लग्न झालेल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मागावर उभ्या राहून स्वतःची मजुरी कमावत आल्या होत्या. याच परिसरात, ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनमध्ये, १९३१ साली गांधीजी परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे काम गमावलेल्या गिरणीकामगारांना भेटायला आले होते. त्या कामगारांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. कॅसल निवडून आल्या त्या सभागृहात ६४० सदस्य होते, आणि त्यांत स्त्रिया होत्या अवघ्या २४.

सरकारात शिरल्याबरोबर त्यांना व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या संसदीय खासगी सचिवाचे काम मिळाले. हे क्रिप्स म्हणजे १९४२ च्या क्रिप्स योजनेमुळे आपल्याला ठाऊक असलेलेच. नंतर व्यापारखात्यात हॅरल्ड विल्सन आले आणि त्यांच्याशी जमलेला विश्वासाचा धागा पुढे ३० वर्षे टिकला. १९५१ नंतरची १३ वर्षे विरोधी बाकांवर गेली. सत्ता नसलेला खासदार काय करू शकतो, याचे उत्तर मला या वर्षांतल्या केनियाच्या प्रकरणात सापडते. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ उठावाच्या काळात ब्रिटिशांनी तिथे हजारो लोकांना छावण्यांत डांबले होते. १९५५ साली कॅसल स्वतः केनियात गेल्या आणि कोठडीतल्या एका मृत्यूचा त्यांनी पिच्छा पुरवला. मार्च १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैदी मरण पावले. ते टाकीगाडीतले पाणी प्यायल्यानंतर मेले, असे सरकारी निवेदन आधी निघाले. प्रत्यक्षात रक्षकांनी त्यांना बडवून ठार केले होते. कॅसल यांनी हा विषय कॉमन्समध्ये पुन्हा पुन्हा मांडला, आणि जुलैच्या अखेरीस मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यावर चर्चा झाली. ज्यांच्याशी त्यांचे इतर कोणत्याही विषयावर पटणे शक्य नव्हते, त्या हुजूर पक्षाच्या इनॉक पॉवेल यांनीही त्या रात्री सरकारला धारेवर धरले. ब्रिटिश सरकारने या छळाबद्दल खेद व्यक्त करून ५,२२८ केनियन लोकांना भरपाई द्यायला २०१३ साल उजाडावे लागले. ब्लॅकबर्नमध्ये एकही मत मिळवून न देणारा हा प्रश्न होता. त्यांच्या कारकिर्दीतले मंत्रिपदाबाहेरचे सर्वांत मोठे काम मी यालाच मानते.

१९६४ मध्ये विल्सन पंतप्रधान झाले आणि कॅसल मंत्रिमंडळात आल्या. ब्रिटनच्या इतिहासात मंत्रिमंडळात बसणाऱ्या त्या चौथ्या स्त्री. परदेशी विकासाचे नवे खाते त्यांच्यासाठी उघडण्यात आले होते, आणि गरीब देशांना बिनव्याजी कर्ज देण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला. त्या मदतीचा मोठा वाटा भारताकडे येत असे. पण खाते लहान, पैसा अर्थखात्याच्या मुठीत, आणि वर्ष-सव्वा वर्षात त्यांना तिथून हलवण्यात आले.

डिसेंबर १९६५ मध्ये त्या वाहतूकमंत्री झाल्या. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, आणि पुढची दोन वर्षे ही गोष्ट त्यांना सभेत, पत्रांत आणि नभोवाणीवरच्या मुलाखतींत ऐकवली गेली. माझ्या मते हेच त्यांचे बळ होते. १९६६ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसे मेली. शांततेच्या काळातला तो उच्चांक होता. वाहतूकखात्यातले बहुतेक लोक रस्त्याकडे चालकाच्या आसनावरून बघत होते. कॅसल रस्त्याकडे बघत होत्या त्या शेजारच्या आसनावरून आणि पदपथावरून. आधीच्या मंत्र्यांनी प्रयोग म्हणून आणलेली ताशी ७० मैलांची वेगमर्यादा त्यांनी कायम केली, नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे असलेच पाहिजेत असा नियम केला, आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला जागच्या जागी तपासण्याचा कायदा आणला.

हा कायदा नेमका कसा चालत असे, हे बघण्यासारखे आहे. त्याआधी चालक प्यायलेला आहे की नाही हे पोलीस शिपाई आणि डॉक्टर अंदाजाने ठरवत. त्याला सरळ रेषेवर चालायला लावायचे, कठीण शब्द उच्चारायला सांगायचे, आणि मग ज्यूरीतल्या, स्वतःही थोडीफार पिऊन गाडी चालवणाऱ्या गृहस्थांनी त्याला संशयाचा फायदा द्यायचा. १९६७ च्या कायद्याने अंदाजाच्या जागी आकडा आणला. १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला की गुन्हा सिद्ध झाला, मग तुम्ही कितीही सरळ चालून दाखवा. शिपायाच्या खिशात एक काचेची नळी असे, तिच्यात पिवळे स्फटिक भरलेले असत, आणि तिच्या एका टोकाला फुग्यासारखी पिशवी जोडलेली असे. चालकाने पिशवी भरेपर्यंत नळीतून फुंकायचे. स्फटिकांचा हिरवा रंग मधल्या खुणेपलीकडे सरकला, की त्याला ठाण्यावर नेऊन रक्ताची किंवा लघवीची तपासणी करायची. ही नळी मंत्र्यांपुढे आणि मजुरांपुढे सारखीच धरली जात असे, आणि खऱ्या संतापाचे कारण तेच होते, असे मला वाटते. तोवर पिऊन गाडी चालवणे हा सभ्य माणसाच्या हातून होणारा किरकोळ प्रमाद समजला जाई, आणि आता सभ्य माणूस आरोपी होऊ लागला होता.

वाटेल त्याला वाटेल तेव्हा थांबवून तपासण्याची तरतूद आधीच्या मसुद्यात होती. नागरी स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर आरडाओरड झाली तेव्हा कॅसल यांनी ती मागे घेतली. अपघात, वाहतुकीचा गुन्हा किंवा वाजवी संशय असेल तरच तपासणी करावी, एवढ्यावर तडजोड झाली. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते, कारण मूळ मसुद्यावर अडून बसल्या असत्या तर कदाचित काहीच हाती लागले नसते. कायदा ९ ऑक्टोबर १९६७ रोजी लागू झाला. पबचे मालक चिडले, धंदा बसल्याच्या तक्रारी आल्या, आणि मंत्रिणबाईंच्या टपालात जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. पहिल्या वर्षात रस्त्यांवरचे मृत्यू हजाराहून अधिक कमी झाले. आपल्याकडच्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे त्याहून कितीतरी कडक आहे. पण अंदाजाऐवजी आकडा हे तत्त्व तेच, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत यंत्रात फुंकणाऱ्या मुंबईकराचा त्या नळीशी संबंध आहे.

रेल्वेच्या बाबतीत मात्र त्यांचे माप मला पूर्ण भरलेले दिसत नाही. १९६३ च्या बीचिंग अहवालानुसार तोट्यातले लोहमार्ग बंद करण्याचा सपाटा चालू होता, आणि मजूर पक्षाने तो थांबवण्याचे वचन दिले होते. कॅसल यांच्या काळातही मार्ग बंद होत राहिले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांना जोडणारा मार्ग १९६७ च्या शेवटच्या दिवशी तुटला, आणि तोच पुन्हा उभारण्यासाठी आज ब्रिटन प्रचंड खर्च करतो आहे. दुसऱ्या बाजूला १९६८ च्या वाहतूक कायद्याने, तोट्यातला पण लोकांना आवश्यक असलेला मार्ग सरकारी अनुदानावर चालवता येईल, ही सोय केली. रेल्वे हा नुसता धंदा नसून सोय आहे, ही गोष्ट प्रथमच कायद्यात आली. याच कायद्याने जुन्या कालव्यांना बुजवले जाण्यापासून वाचवले आणि त्यांतले शेकडो मैल नौकाविहारासाठी राखून ठेवले. खात्याच्या कायम सचिवाला बदलण्याचा त्यांनी केलेला प्रयत्न मात्र सनदी नोकरशाहीने हाणून पाडला. मंत्री येतात आणि जातात, सचिव मात्र राहतात, हा अनुभव मंत्रालयाच्या आसपास वावरलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको.

जानेवारी १९६६ मधल्या हल नॉर्थच्या पोटनिवडणुकीचा उल्लेख टाळला तर चित्र अपुरे राहील. सरकारचे बहुमत अगदी तोकडे होते आणि ती जागा हरणे परवडणारे नव्हते. प्रचाराला गेलेल्या वाहतूकमंत्र्यांनी हंबर नदीच्या मुखावर पूल बांधण्याचे आश्वासन दिले, आणि जागा पक्षाकडे राहिली. १९८१ साली तो पूल खुला झाला तेव्हा १,४१० मीटरचा त्याचा मधला गाळा जगात सर्वांत लांब होता, आणि त्याचे कर्ज पुढे कित्येक वर्षे स्थानिक लोकांच्या मानेवर राहिले. पूल देखणा आहे आणि उपयोगाचाही आहे. पण तो ज्या कारणासाठी जाहीर झाला, ते कारण मला पटत नाही.

एप्रिल १९६८ मध्ये त्या रोजगार आणि उत्पादकता खात्याच्या मंत्री झाल्या आणि त्यांना ‘फर्स्ट सेक्रेटरी’ हा मानही मिळाला. दोन महिन्यांत, ७ जून रोजी, लंडनच्या पूर्वेला डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात १८७ शिलाईकामगार बायकांनी मशीन बंद ठेवली. मोटारींच्या आसनांची कव्हरे त्या शिवत. कामावर घेताना त्यांच्या हातच्या कौशल्याची परीक्षा होत असे, आणि तरीही कंपनीने नव्या वेतनरचनेत त्यांना ‘ब’ श्रेणीत, म्हणजे कमी कौशल्याच्या कामगारांत बसवले होते. भरीस भर म्हणून त्या श्रेणीतल्या पुरुषाला जे मिळे, त्याच्या ८५ टक्के त्यांना मिळे. कामगारांच्या त्या महासागरात या १८७ जणी म्हणजे मूठभर होत्या. पण कव्हरांचा साठा संपला तसे मोटारींचे उत्पादन ठप्प झाले. आसन नसलेली मोटार विकता येत नाही. संप तीन आठवडे चालला.

२८ जून रोजी कॅसल यांनी त्यांच्यातल्या आठ जणींना आपल्या कार्यालयात बोलावले. चहा मागवला, पत्रकारांना छायाचित्रे काढू दिली, मग दार लावून घेऊन बोलणी केली. बोलणी संपली तेव्हा बायकांना पुरुषांच्या ९२ टक्के वेतन द्यायचे ठरले, आणि सोमवारी मशीन पुन्हा सुरू झाल्या. या भेटीकडे पुष्कळदा विजयाची कहाणी म्हणून बघितले जाते. मी त्यात एक अन्यायही बघते, आणि तो नजरेआड करू नये असे मला वाटते. त्या बायकांची मूळ तक्रार श्रेणीची होती: आमचे काम कौशल्याचे आहे, ते तसे मान्य करा. त्यांना पैसे मिळाले, पण श्रेणी मिळाली नाही. तो प्रश्न चौकशी समितीकडे गेला आणि तिथे त्यांच्या बाजूने सुटला नाही. मात्र त्या चहाच्या टेबलावरून समान वेतनाचा प्रश्न जो उठला तो थेट कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या परिषदेने समान वेतनाचा ठराव प्रथम १८८८ साली केला होता. १९४४ साली शिक्षिकांना समान वेतन देण्याची दुरुस्ती कॉमन्समध्ये एका मताने मंजूर झाली होती, तर चर्चिल यांनी तो विश्वासाचा प्रश्न करून सभागृहाला ती फिरवायला लावली. एवढ्या जुन्या, प्रत्येकाने तोंडाने मान्य केलेल्या आणि कोणीही न केलेल्या कामाचा कायदा कॅसल यांनी २९ मे १९७० रोजी पुरा करून घेतला. तीन आठवड्यांत, १८ जूनच्या निवडणुकीत, त्यांचे सरकार पडले. आणखी थोडा उशीर झाला असता तर तो कायदा कधी झाला असता, कोण जाणे.

कायद्यात कच्चे दुवे होते. मालकांना तयारीसाठी १९७५ च्या अखेरपर्यंत मुदत दिली होती. ती मुदत अनेकांनी बायकांच्या कामांना वेगळी नावे देण्यात आणि त्यांच्या श्रेण्या पुरुषांच्या श्रेण्यांपासून दूर सारण्यात वापरली. ‘सारखे’ किंवा ‘साधारण सारखे’ काम एवढीच मुख्य कसोटी होती. वेगळ्या पण तितक्याच मोलाच्या कामाला तितकेच वेतन, ही कसोटी युरोपीय न्यायालयाच्या दट्ट्यानंतर १९८४ पासून आली. योगायोग असा की, त्याच १९८४ साली डॅगनमच्या शिलाईकामगार बायकांनी पुन्हा संप केला आणि १६ वर्षांपूर्वी मागितलेली श्रेणी अखेर मिळवली.

आता त्या चुकीकडे येते, कारण ती वगळून कॅसल यांच्याबद्दल लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये संघटनेच्या मान्यतेशिवाय अचानक होणारे संप वाढले होते. पाचपन्नास माणसांनी काम थांबवले की हजारोंना घरी बसावे लागे. कॅसल यांनी जानेवारी १९६९ मध्ये ‘इन प्लेस ऑफ स्ट्राइफ’ ही श्वेतपत्रिका काढली. संघटनेला मान्यता मिळण्याचा हक्क, अन्यायाने काढून टाकलेल्या कामगाराला संरक्षण, अशा कामगारांच्या हिताच्या अनेक गोष्टी तिच्यात होत्या. त्याचबरोबर मोठ्या संपाआधी मतदान घ्यायला लावण्याचा आणि संप २८ दिवस थांबवण्याचा अधिकार मंत्र्याकडे दिला होता, आणि आदेश मोडणाऱ्याला दंडाची तरतूद होती. विचार म्हणून मला यातले बरेचसे आजही बरोबर वाटते. पण ही श्वेतपत्रिका नोव्हेंबर १९६८ मध्ये सनिंगडेल इथे एका शनिवार-रविवारी अधिकारी आणि निवडक तज्ज्ञ यांच्यासोबत बसून आकाराला आली, आणि मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांच्या आधी ती कामगार संघटनांच्या नेत्यांच्या कानावर गेली. ज्यांना रोज सकाळी कारखान्याच्या फाटकावर उभे राहून हा कायदा कामगारांना समजावून सांगायचा होता, त्यांना घडणीत कुठेच जागा नव्हती. बायका, वृद्ध, पादचारी यांच्या नजरेने कायदा तपासणाऱ्या कॅसल यांनी या वेळी तो कारभार हाकणाऱ्याच्या नजरेने लिहिला.

संघटना बिथरल्या. मार्च १९६९ मध्ये पक्षाच्या कार्यकारिणीत गृहमंत्री जेम्स कॅलहन यांनी स्वतःच्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध मत दिले. पक्षाचे खासदार फुटायला लागले, मंत्रिमंडळ एकेक करून मागे सरले, आणि शेवटी विल्सन व कॅसल दोघेच उरले. १८ जून रोजी संघटनांच्या परिषदेने एक गंभीर आणि बंधनकारक आश्वासन दिले, त्याच्या बदल्यात विधेयक मागे घेतले गेले. पुढे १९७१ मध्ये हुजूर पक्षाने आणलेला कायदा संघटनांनी उधळून लावला, १९७८-७९ च्या हिवाळ्यात संपांनी देश थकला, आणि मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८४ मध्ये संपाआधी गुप्त मतदान आणले. त्या वेळी कॅसल यांच्या मसुद्यातला कामगारांच्या हिताचा भाग सोबत नव्हता. १९६९ मध्ये संघटनांनी कॅसल यांचे ऐकले असते तर पुढचे कितीतरी टळले असते, असे म्हणणारे इतिहासकार आहेत. मला ते अर्धेच पटते. ऐकून घेण्याची सवय लावण्याची वेळ श्वेतपत्रिका छापण्याच्या आधीची होती, आणि ती कॅसल यांच्या हातून निसटली.

विल्सन यांच्या मंत्रिमंडळात रिचर्ड क्रॉसमन, टोनी बेन आणि कॅसल असे तिघे एकाच टेबलाभोवती बसून रोजनिशी लिहीत होते. पत्रकार म्हणून शिकलेले लघुलेखन कॅसल यांना इथे उपयोगी पडले. त्यांच्या रोजनिशीत मला सर्वांत भावतो तो थकवा. मध्यरात्रीपर्यंत सभागृह, मग मंत्र्याकडे रोज येणाऱ्या सरकारी लाल पेटीतली कागदपत्रे, सकाळी समितीची बैठक, आणि या सगळ्यात ब्लॅकबर्नच्या गाडीची वेळ. ही स्त्री प्रत्येक लढाई जिंकेन या खात्रीने उतरत असे, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशीच्या कामाची यादी करत असे.

१९७४ मध्ये पक्ष पुन्हा सत्तेवर आला तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. समाजकल्याण खात्यातली पुढची दोन वर्षे ही माझ्या दृष्टीने त्यांची सर्वोत्तम वर्षे होत. जुलै १९७४ मध्ये एकट्या वृद्धाचे निवृत्तिवेतन आठवड्याला १० पौंड आणि जोडप्याचे १६ पौंड झाले. किमती किंवा सरासरी पगार यांपैकी जे अधिक वाढेल त्याप्रमाणे निवृत्तिवेतन वाढेल, हे कायद्यात आले. १९७५ मध्ये पगाराशी निगडित असलेल्या राज्य निवृत्तिवेतनाची नवी योजना झाली. तिच्यात आयुष्यातली उत्तम कमाईची २० वर्षे धरायची होती, आणि मुलांसाठी किंवा आजारी माणसासाठी घरी राहिलेल्या वर्षांमुळे मूळ निवृत्तिवेतनाचा हक्क बुडू नये अशीही सोय होती. बाईच्या नोकरीला खंड पडतो, हे ओळखून आखलेली निवृत्तिवेतनाची योजना ब्रिटनमध्ये त्याआधी कोणी केली नव्हती.

आणि बालभत्ता. तोपर्यंत मुलांसाठी सरकार दोन वाटांनी पैसे देई. एक लहानसा कुटुंबभत्ता आईला मिळे, तोही दुसऱ्या मुलापासून पुढे. आणि मुलांपोटी करात मिळणारी सवलत बापाच्या पगारपत्रकात जमा होई. कॅसल यांनी दोन्ही मोडून एकच भत्ता केला, तो पहिल्या मुलापासून दिला, आणि टपाल कचेरीत जाऊन तो आईने घ्यायचा अशी व्यवस्था केली. करसवलतीचा पैसा बापाच्या पाकिटातून आईच्या बटव्यात गेला, तोही तिने न मागता. मी या एका तरतुदीपाशी नेहमी थांबते. माझ्या आईच्या संसारात पगार वडिलांच्या खिशात येई आणि तिच्या हाती मोजून पडे. मुलांच्या वह्या, चपला, औषध यांसाठी तिला प्रत्येक वेळी मागावे लागे, आणि वडील चांगले असूनही ते मागणे मागणेच असे. तांदळाच्या डब्यात तिने लपवलेल्या नोटा आम्हा मुलांना ठाऊक होत्या. त्यामुळे पैसा कुटुंबाला देणे आणि आईला देणे यांतला फरक कोणी मंत्री ओळखतो, तेव्हा त्याने अर्थशास्त्रातली फार मोठी गोष्ट ओळखली, असे मला मनापासून वाटते.

हा कायदा मंजूर झाला, पण लागू होण्याआधीच मार्च १९७६ मध्ये विल्सन यांनी राजीनामा जाहीर केला आणि कॅलहन पंतप्रधान झाले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कॅसल यांना मंत्रिमंडळातून काढले. मंत्रिमंडळाचे सरासरी वय खाली आणायचे आहे, असे कारण दिले. कॅसल ६५ वर्षांच्या होत्या आणि कॅलहन ६४. त्यानंतर काही आठवड्यांतच, पुरुष कामगारांच्या हातात पडणारा पगार कमी होईल आणि ते नाराज होतील, या भीतीने नव्या मंत्रिमंडळाने बालभत्ता लांबणीवर टाकायचे ठरवले. मंत्रिमंडळाची गोपनीय कागदपत्रे फुटली, जूनमध्ये ती ‘न्यू सोसायटी’ या साप्ताहिकात छापून आली, आणि मागच्या बाकावर गेलेल्या कॅसल आपल्याच पक्षाच्या सरकारवर तुटून पडल्या. अखेर एप्रिल १९७७ पासून बालभत्ता टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि १९७९ मध्ये पूर्ण झाला. मंत्री म्हणून मंजूर केलेला कायदा खासदार म्हणून वाचवण्याची पाळी फार थोड्यांवर आली असेल.

१९७९ मध्ये त्यांनी ब्लॅकबर्न सोडले. तिथे त्यांचेच जुने सल्लागार जॅक स्ट्रॉ निवडून आले. युरोपीय समुदायात राहू नये म्हणून १९७५ च्या सार्वमतात झटलेल्या कॅसल नंतरची दहा वर्षे युरोपीय संसदेच्या सदस्य होत्या. विसंगती म्हणून त्यावर टीका झाली. पण लढायची जागा जिथे असेल तिथे जायचे, ही त्यांची जन्माची रीत होती. टेड यांना १९७४ मध्ये उमरावपद मिळाले होते तरी ‘लेडी कॅसल’ म्हणवून घ्यायला त्यांनी नकार दिला. १९७९ च्या नाताळात टेड गेले. १९९० मध्ये स्वतःच्या हक्काने त्या लॉर्ड्स सभागृहात गेल्या, आणि तिथून त्यांनी शेवटची मोहीम चालवली.

१९८० मध्ये थॅचर सरकारने निवृत्तिवेतन आणि पगारवाढ यांची सांगड तोडली होती. पुढे त्याची वाढ फक्त महागाईच्या हिशेबाने झाली, आणि काम करणाऱ्यांचे पगार वर जात राहिले तसे वृद्ध मागे पडत गेले. १९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने ही सांगड पुन्हा जोडायला नकार दिला. एप्रिल २००० मध्ये आठवड्याचे मूळ निवृत्तिवेतन ६६ पौंड ७५ पेन्सवरून ६७ पौंड ५० पेन्स झाले. ७५ पेन्सची ती वाढ देशभर संतापाचा विषय झाली. गरजूंची चौकशी करून त्यांना वेगळी मदत द्यावी, असे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांचे म्हणणे होते. उत्पन्नाची चौकशी म्हणजे काय, हे १९३० च्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या बेकारांच्या घरी बघितलेल्या पिढीतल्या कॅसल यांना ते कधीच मान्य होणार नव्हते. वृद्धाने सरकारी अर्जात आपले दारिद्र्य सिद्ध करावे, या कल्पनेचाच त्यांना तिटकारा होता. आणि असा अर्ज करायची लाज वाटल्यामुळे अनेक वृद्ध हक्काच्या मदतीपासून दूर राहतात, हे त्यांचे म्हणणे खरे होते. नव्वदीला टेकलेल्या, दृष्टी मंदावलेल्या कॅसल पक्षाच्या परिषदांमध्ये या मागणीसाठी उभ्या राहत, आणि २००० च्या ब्रायटन परिषदेत नेतृत्वाच्या विरोधात जाऊन प्रतिनिधींनी सांगड जोडण्याचा ठराव मंजूर केला. सरकारने तो मानला नाही.

३ मे २००२ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, बकिंगहॅमशायरमधल्या आयब्स्टोन गावी त्यांचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुन्हा पगारवाढीशी जोडण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात करण्यात आली. ते विधेयक मांडणारे सरकार मजूर पक्षाचेच होते, आणि तो कायदा संमत झाला त्याच उन्हाळ्यात गॉर्डन ब्राउन पंतप्रधान झाले.